पायाखालचं ज्ञान : गोट्यांच्या नक्षीवाटेचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचा बागेतल्या गोट्यांशी काय संबंध? एकाने तर माझ्या डोक्याकडे बघून संबंध स्वतःच शोधला. (हशा) चालायचंच. पण संबंध आहे, आणि तो ॲरिस्टॉटलपर्यंत जातो. तिथवर आपण पायीच जाऊ.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'मोझॅक' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना जुन्या फ्लॅटमधल्या ठिपक्या-ठिपक्यांच्या लाद्या आठवतात. आज मी त्या लाद्यांबद्दल बोलत नाही. नदीतले किंवा समुद्रातले गुळगुळीत गोटे, न फोडता, न घडवता, जसे मिळाले तसे एकमेकांना खेटून बसवायचे आणि त्यातून जमिनीवर नक्षी उभी करायची, हे ते मोझॅक. जमिनीवरच्या मोझॅक कलेचं हे मूळ रूप. चौकोनी घडवलेले तुकडे, काचेचे तुकडे, सोनेरी वर्ख हे सगळं नंतर आलं.

ज्यांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. ठिपका म्हणजे गोटा. फरक एवढाच की रांगोळी उद्या सकाळी पुसायची असते, आणि गोट्यांची नक्षी तुमच्या पणतवंडांच्या पायाखाली यायची असते. म्हणून रांगोळीत चुकलेला ठिपका बोटाने पुसता येतो. इथे चुकलेला गोटा खणून काढावा लागतो.

आता इतिहास. तुर्कस्तानात, मध्य अनातोलियात, उशाक्ली होयुक नावाचं हित्ती काळातलं ठिकाण आहे. तिथे एका मोठ्या इमारतीच्या अंगणात तीन हजारांहून अधिक दगडांची फरसबंदी 2018 साली सापडली. गडद, फिकट, तांबूस दगड वापरून त्रिकोण केलेले. वय सुमारे 3500 वर्षं. गालिचासारखं काही मांडायचा प्रयत्न, पण दगड ओबडधोबड आणि आकाराने वेगवेगळे. त्याच देशात गॉर्डियन आहे, फ्रिजियन लोकांची राजधानी, मिडास राजाच्या दंतकथेमुळे प्रसिद्ध झालेली. तिथे 1956 साली एका मोठ्या दालनाची गोट्यांची जमीन सापडली. काळ इसवी सनपूर्व नववं शतक. लाल, पांढरे, काळपट निळे गोटे. त्यात एकसंध आराखडा नाही. इथे एक चांदणी, तिथे एक चौकट, पलीकडे भलतंच काही. शाळकरी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानासारखं. मला ती जमीन फार आवडते. कुणीतरी काम करता करता विचार करतो आहे, हे तिच्यात दिसतं.

यानंतर येतं ग्रीस, आणि इथे थोडं थांबावं लागेल.

उत्तर ग्रीसमध्ये खाल्किदिकी नावाचा द्वीपकल्प आहे. तिथे ऑलिंथस हे शहर होतं. इसवी सनपूर्व 432 मध्ये आसपासच्या गावांतली माणसं तिथे एकत्र वसली. सरळ रस्ते, आखीव घरं. या घरांत पुरुषांच्या मेजवानीची एक खास खोली असे. मधे गोट्यांची चित्रजमीन, आणि भिंतीला लागून पलंगांसाठी थोडा उंच काठ. जेवणारे काठावर आडवे होत, मधलं चित्र सगळ्यांना दिसे. एका घरात जमिनीवर चित्रांसोबत अक्षरंही बसवली होती. मजकुराचा अर्थ साधारण असा : सुदैव, भरभराट सुंदर आहे. उत्खनन करणाऱ्यांनी त्या घराला 'सुदैवाचं घर' असंच नाव दिलं.

इसवी सनपूर्व 348 मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने हे शहर घेतलं आणि उद्ध्वस्त केलं. जी माणसं जिवंत हाती लागली त्यांना गुलाम म्हणून विकलं. अथेन्समध्ये डेमोस्थेनिस आदल्याच वर्षी घसा फोडून सांगत होता की ऑलिंथसला मदत पाठवा. मदत पोहोचली, पण अपुरी आणि उशिरा. पुढे 1928 पासून अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रॉबिन्सन यांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या. काहींवर फिलिपचं नाव कोरलेलं होतं. आणि त्याच मातीखाली 'सुदैव' लिहिलेली जमीन जवळजवळ जशीच्या तशी होती.

का टिकली? कारण तिथे पुन्हा कुणी मोठी वस्ती केली नाही. वस्ती झाली असती तर जुनी जमीन उकरून नवीन झाली असती. घरमालक विकला गेला, छत जळालं, भिंती पडल्या, आणि ज्याच्यावर सगळे पाय देत होते तेवढं उरलं. इतिहासकाराला यात पुरावा दिसतो. मला त्यात एक प्रश्न दिसतो : त्या गोट्यांना हात लावणारा माणूस कोण होता? घरमालकाबद्दल आपण तर्क करू शकतो. घर मोठं, म्हणजे माणूस सधन. पण हजारो गोटे निवडून, वाहून, बसवून देणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. 'सुदैव' हे अक्षर त्यानेच बसवलं. ते त्याच्या वाट्याला किती आलं, माहीत नाही.

आता पेल्ला. मॅसिडोनियाची राजधानी, अलेक्झांडरचं जन्मगाव. 1957 पासून तिथे मोठ्या घरांच्या जमिनी उजेडात आल्या. काळ इसवी सनपूर्व चौथ्या शतकाचा शेवट. सिंहाची शिकार, चित्त्यासारख्या श्वापदावर बसलेला डायोनिसस, हेलनचं अपहरण. गडद पार्श्वभूमीवर फिकट आकृत्या, आणि अंगाच्या गोलाईसाठी राखाडीच्या छटा. काही चित्रांत केसांच्या बटा आणि बोटं उठून दिसावीत म्हणून शिशाच्या आणि भाजक्या मातीच्या बारीक पट्ट्या गोट्यांच्या मधे उभ्या घातल्या आहेत. यातलं एक चित्र हरणाच्या शिकारीचं आहे. साधारण 3 मीटर लांब-रुंद. एका गोट्याने सरासरी एक चौरस सेंटिमीटर जागा व्यापली असं धरलं, तरी 90,000 गोटे होतात.

त्या चित्राच्या वरच्या बाजूला दोन शब्द आहेत. 'ग्नोसिस एपोएसेन'. म्हणजे 'ग्नोसिसने हे केलं'. नाव सांगणाऱ्या सगळ्यात जुन्या मोझॅकांपैकी हे एक. आणि नाव काय, तर ग्नोसिस! ग्रीकमध्ये याचा अर्थ ज्ञान. ग्रीकचा 'ग्नो' आणि संस्कृतचा 'ज्ञा' हे सख्खे भाऊ आहेत, एकाच मूळ धातूचे. म्हणजे पेल्लाच्या जमिनीवर अक्षरशः लिहिलंय, ज्ञानाने हे केलं. किंवा आपल्याकडच्या भाषेत, हे ज्ञानबाचं काम. (हशा)

इथे ॲरिस्टॉटल येतो. फिलिपने आपल्या मुलाला शिकवायला त्याला बोलावलं, इसवी सनपूर्व 343 च्या सुमारास. मिएझा नावाच्या जागी शाळा होती, पेल्लापासून फार लांब नाही. अलेक्झांडर तेव्हा तेरा वर्षांचा. ॲरिस्टॉटलचं स्वतःचं गाव स्टॅगिरा, तेही खाल्किदिकीतलंच. प्लुटार्क सांगतो की ते गावही फिलिपने उद्ध्वस्त केलं होतं, आणि ॲरिस्टॉटलच्या शिकवणीचा मोबदला म्हणून पुन्हा वसवलं. तेव्हा गोट्यांच्या जमिनीवरून हा माणूस चालला असणार, हे मानायला काही हरकत नाही.

हाच ॲरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स' च्या पहिल्याच प्रकरणात एक भेद करतो. अनुभवी माणसाला 'काय' ते कळतं, ज्याच्याकडे खरी कला आहे त्याला 'का' ते कळतं. इथपर्यंत ठीक. मग तो म्हणतो की प्रमुख कारागीर 'का' जाणतो, पण हाताने काम करणारे विस्तवासारखे असतात. विस्तव जाळतो, पण का जाळतो हे त्याला ठाऊक नसतं. हातकामगार सवयीने करतात. आणि 'पॉलिटिक्स' मध्ये तो आणखी पुढे जातो : उत्तम राज्यात अंगमेहनतीच्या कारागिराला नागरिक करू नये.

मंडळी, हे वाचून ग्रीकांना नावं ठेवण्याची घाई आपण करू नये. डोकं एकीकडे आणि हात दुसरीकडे ही वाटणी आपण जन्मावर बांधून टाकली आणि शेकडो वर्षं पाळली. वडार आणि पाथरवट समाजाने या महाराष्ट्रातले किल्ले, घाट, धरणं, रस्ते यांचे दगड फोडले, वाहिले, घडवले. त्यांच्याकडे दगडाचं जे ज्ञान होतं त्याला आपण ज्ञान म्हटलं का? महात्मा फुले स्वतः सार्वजनिक बांधकामांचे कंत्राटदार होते. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना पाठ होता. विद्या हातांपर्यंत का पोहोचू दिली नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला, तो काही नुसत्या पुस्तकांतून आलेला नव्हता.

तेव्हा आजचा माझा खरा मुद्दा असा. गोटे बसवणाऱ्याला 'का' माहीत असतं की नसतं? हे ग्रंथात बघून ठरवता येणार नाही. काम बघून ठरवावं लागेल. म्हणून आता आपण इतिहास क्षणभर बाजूला ठेवू आणि घरच्या बागेत एक वाट करून बघू. प्रत्येक पायरीला ॲरिस्टॉटलचा प्रश्न विचारू : का?

समजा वाट 60 सेंटिमीटर रुंद आणि 5 मीटर लांब. म्हणजे 3 चौरस मीटर.

पहिलं काम खणण्याचं. साधारण 20 सेंटिमीटर. पण जमीन काळी असेल तर आणखी खोल. का? काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काही बसवलं तर दोन पावसाळ्यांत वाट लाटांसारखी होते. म्हणून माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचं. मुरमाचा थर दाबून झाल्यावर 10 सेंटिमीटर तरी उरला पाहिजे. जो माणूस खणताना चिमूटभर माती बोटात चोळून बघतो, तो विस्तवासारखा अजाण असतो का?

दुसरं, कडा. दोन्ही बाजूंना विटा उभ्या पुरायच्या किंवा दगडाची पट्टी लावायची. का? कारण गोटा एकटा उभा राहत नाही. शेजारच्याच्या आधाराने राहतो. पाय पडला की तो बाजूला सरकू बघतो, त्याला शेजारी अडवतो, शेजाऱ्याला त्याचा शेजारी, आणि शेवटच्याला कड. कड नसली की सगळी रांग हळूहळू पसरते. कमानीत जे काम दोन्ही बाजूंचे खांब करतात तेच इथे.

तिसरं, ढाळ. एका बाजूला थोडा उतार द्यायचा, मीटरमागे 2 सेंटिमीटर. का, ते आपल्या पावसाळ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. पाणी साचलं की शेवाळ, शेवाळ आलं की घसरणं, आणि आमच्या वयात घसरणं म्हणजे थेट हाडांचा डॉक्टर.

चौथं, गोट्यांची निवड. रंग वेगळे, आकार वेगळे, टोपल्या वेगळ्या. हे काम सगळ्यांत वेळखाऊ आणि मुलांना सगळ्यांत आवडणारं. वाटेसाठी 4-5 सेंटिमीटर लांबीचे, जरा चपटे गोटे घ्यायचे. आणि ते आडवे ठेवायचे नाहीत, उभे ठेवायचे. कपाटातली पुस्तकं जशी उभी असतात, तशी आपल्याला फक्त कणा दिसते. का? आडवा गोटा लवकर जागा भरतो, दिसतोही मोठा, पण त्याची पकड वरवरची. वर्षभरात निखळतो. उभ्या गोट्याचे दोन भाग खाली गाडलेले, एकच भाग वर. तो सहसा हलत नाही. नवशिक्याची वाट आणि जाणत्याची वाट इथेच वेगळी ओळखू येते.

हिशेब करू. उभ्या गोट्याचं वरून दिसणारं तोंड साधारण 2 बाय 3 सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस मीटरला 1600 च्या वर, आणि आपल्या वाटेला सुमारे 5000. मिनिटाला अडीच गोटे बसवले तरी 33 तास. त्यात निवडणं धरलेलं नाही. एवढ्याशा वाटेला ही गत, मग पेल्लाच्या 90,000 गोट्यांचा विचार करा.

पाचवं, मसाला. तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट, कोरडंच कालवायचं आणि 5-6 सेंटिमीटरचा थर पसरायचा. कोरडं का? ओल्या मसाल्यात गोटा बुडतो किंवा तरंगतो, आणि अर्ध्या तासात हात आखडता घ्यावा लागतो. कोरड्या मसाल्यात गोटा जागच्या जागी उभा राहतो, वाटलं तर काढून फिरवता येतो. पण वाळू जराशी ओलसर असतेच, आणि हवेतली ओलही असते. त्यामुळे त्या दिवशी पुरं होईल तेवढंच कालवायचं. नक्षीच्या मुख्य रेषा आधी, भराव नंतर. रांगोळीवाल्या बायकांना हाही क्रम आधीच ठाऊक आहे.

सहावं, फळी ठेवून लाकडी मोगरीने हलके ठोकायचं, म्हणजे सगळी डोकी एका पातळीत येतात. मग फटींमध्ये कोरडा मसाला झाडूने सारायचा. दर्जा अगदी काठोकाठ भरायच्या नाहीत. गोट्यांची डोकी थोडी वर राहिली पाहिजेत. का? भरलेल्या दर्जात गोटे दिसेनासे होतात आणि वाट म्हणजे नुसता ठिपक्यांचा कोबा होतो. मग झारीने बारीक पाणी. पाइप लावायचा नाही, धारेने सिमेंट धुऊन जातं. वर ओलं गोणपाट आणि निदान सात दिवस रोज पाणी. घाई केली तर वरून कडक आणि आतून भुसभुशीत. आपल्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात मसाला तडकतो.

आता सांगा. सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला 'का' आहे, 'का' ला उत्तर आहे. हे उत्तर ग्रंथात लिहिलं नसेल, पण मनगटात आहे आणि विचारलं तर तोंडातही आहे. प्रश्न असा की कुणी विचारलं का? ॲरिस्टॉटलसारखा जगातली प्रत्येक गोष्ट विचारणारा माणूस, माशांबद्दल कोळ्यांना आणि मधमाश्यांबद्दल मधपाळांना विचारणारा, त्याने 'हातकामगार सवयीने करतो' हे किती सहज लिहून टाकलं! आणि थोड्याच वर्षांनी जवळच्याच गावात एका हातकामगाराने जमिनीवर सही केली. ग्नोसिसने हे केलं. त्याने ॲरिस्टॉटल वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण उत्तर यापेक्षा नेमकं देता आलं नसतं.

पुढे काय झालं? इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात दगडाचे चौकोनी तुकडे कापून बसवण्याची पद्धत रूढ झाली. तुकड्यांत बारकावे जास्त येतात. मग गोटे दिवाणखान्यातून अंगणात गेले, आणि अंगणात ते आजतागायत आहेत. ऱ्होड्स बेटावर, विशेषतः लिंडोस गावात, काळ्या-पांढऱ्या समुद्री गोट्यांची अंगणं आहेत. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चर्चपुढच्या आवारात तशीच नक्षी असते, तिला तिथे रिस्सेऊ म्हणतात. स्पेनच्या ग्रनाडात वाटा आणि चौक आहेत.

आणि ग्रीसशी संबंध जोडण्याची गरज नाही असा एक मोठा प्रवाह चीनमध्ये आहे. सुचौच्या बागा तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. युनेस्कोने त्यांना 1997 साली जागतिक वारसा म्हटलं. तिथल्या वाटांवर कौलांचे तुकडे उभे पुरून रेषा काढतात आणि रेषांच्या आत गोटे भरतात. वटवाघळं पुष्कळ दिसतात, कारण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन शब्दांचा उच्चार एकच. हरिण म्हणजे राजमान्यता, पुन्हा उच्चारामुळे. म्हणजे वाटेवर कोट्या केलेल्या आहेत.

या बागांच्या शास्त्रावर जी चंग नावाच्या माणसाने 1631 मध्ये 'युआन ये' हा ग्रंथ लिहिला. हा आधी चित्रकार, मग बागा रचणारा. स्वतः उभं राहून काम करून घेणारा. म्हणून त्याच्या लिहिण्यात मातीचा वास आहे. फरसबंदीच्या प्रकरणात तो गोट्यांबद्दल सांगतो की ते जिथे फार वर्दळ नाही तिथे वापरा, लहान-मोठे मिसळून बसवा. आणि मग फटकारतो की करकोचे, हरणं, सिंह काढायला जाऊ नका, ते कुत्र्यासारखे दिसतात आणि लोक हसतात. तीनशे नव्वद वर्षांपूर्वीचा हा सल्ला मी प्रत्येक हौशी माणसाला देईन. पहिल्या वाटेवर मोर काढू नका! लाटा, चक्र, चांदणी, वेल, एवढं पुरे. याच प्रकरणात तो आणखी म्हणतो की टाकून दिलेल्या कौलांनाही त्यांचे दिवस येतात. फुटक्या विटा आणि कौलं गोळा करून त्यांच्या लाटा करा. हा मला त्या ग्रंथातला सगळ्यांत मोठा विचार वाटतो. नवं मागवण्याआधी पडीक काय आहे ते बघ.

आपल्याला तो आज जास्त लागू आहे. कारण गोटे आणायचे कुठून? नदीत उतरून पोती भरून आणू नका. वाळू, गोटे हे कायद्याने गौण खनिज आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नदीचा तळ हे माशांचं घर आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरचे गोटे नेणाऱ्या पर्यटकांना दंड होतो. एकेकाने मूठभर नेले तरी किनारा रिकामा होतो. मग काय करायचं? बांधकामावर नदीची वाळू चाळतात तेव्हा चाळणीच्या अलीकडे गोट्यांचा ढीग पडतो. तो बहुतेक वेळा भरावात जातो. तो मागून घ्या. जुन्या घरांची मंगलोरी कौलं, शहाबादी आणि कडाप्प्याच्या कापलेल्या चिपा, यांच्या रेषा उत्तम होतात.

आता एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. लिस्बनची फरसबंदी जगप्रसिद्ध आहे. तिथे गोटे नसून फोडलेला चुनखडक आणि बसाल्ट असतो, पण घराणं हेच. तिची आधुनिक सुरुवात 1842 साली साओ जोर्जेच्या किल्ल्यात झाली. किल्ल्याचे प्रमुख फुर्तादो यांनी तिथल्या कैद्यांकडून नागमोडी नक्षीची जमीन करून घेतली. ती लोकांना इतकी आवडली की काही वर्षांत, 1848-49 मध्ये, शहराच्या मुख्य रोसियो चौकात लाटांची नक्षी आली. फुर्तादोंचं नाव इतिहासात आहे. कैद्यांची नावं आपल्या वाचनात येत नाहीत. ऑलिंथसचा प्रश्न दोन हजार वर्षांनंतरही तसाच.

शेवटचा मुद्दा. आपल्या माणसाला पायाखाली चित्र हे जरा अवघड वाटतं. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ग्रीकांनी देवही जमिनीवर काढले, आपण काढणार नाही. काढूही नये, जिथे पाय ठेवताना मन अडतं तिथे वाट होत नाही. पण पायाखाली असणं म्हणजे अपमानच, असंही आपल्या परंपरेने मानलेलं नाही. पंढरपूरला महाद्वारी नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. मोठेपणा कळसालाच असतो असं नाही, हे वारकऱ्याला शिकवावं लागत नाही.

म्हणून विनंती अशी की घरी वाट केलीत, गवंडीदादांना, मजूरबाईंना हाताशी घेतलंत, तर त्यांना प्रत्येक पायरीला 'का' विचारा. उत्तर ऐका. आणि वाट पुरी झाली की एका कोपऱ्यात, जिथे पाय पडणार नाही अशा ठिकाणी, कडेच्या दगडावर त्यांचं नाव आणि साल कोरून घ्या. खर्च फारसा नाही. अडीच हजार वर्षांत ही गोष्ट फार थोड्या वेळा झाली आहे.

काही प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्यांमधून प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीत असं काही करता येईल का?

उत्तर : येईल, पण वजन सांभाळा. 5 सेंटिमीटर जाडीची अशी जमीन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या जवळ जाते. आख्खी गॅलरी भरू नका. 30 बाय 30 सेंटिमीटरचा लाकडी साचा करा, त्यात हेच सगळं छोट्या प्रमाणात. एक लादी दहा-अकरा किलोची होते. कुंड्यांमध्ये दोन-तीन ठेवल्या तरी शोभतात.

दुसरा प्रश्न : सर, वयस्कर माणसांना अशा वाटेवर चालणं सुरक्षित आहे का?

उत्तर : जी चंगने हे आधीच सांगून ठेवलंय, वर्दळीच्या जागी नको. चालायला मधे सपाट फरशी ठेवा, गोट्यांची नक्षी दोन्ही बाजूंना. डोळे गोट्यांवरून चालतील, पाय फरशीवरून. मी तरी आता तसंच चालतो.